चार बोटं मुडप

परवा आर. के. पुरममध्ये, सरकारी क्वार्टर्सच्या मागच्या कडुलिंबाखाली, इस्त्रीवाल्याने चौकड्यांच्या लोकरी स्कर्टवर ओलं फडकं पसरलं आणि कोळशाची इस्त्री दाबली. वाफ उठली. भिजल्या लोकरीचा वास आला आणि मला पुढे पाऊल टाकवेना. आमच्या दोन खोल्यांत हिवाळ्याच्या तोंडाशी हाच वास भरून राहायचा.

आई जमिनीवर बसून अर्ध्या ब्लेडने माझ्या स्कर्टचा मुडप उसवायची. "गुडघ्यांवर उभी राहा, हलू नकोस." ओठांत टाचण्या, त्यामुळे शब्द दातांतून यायचे. गुडघे टेकले की कड जमिनीला लागली पाहिजे, असा शाळेचा नियम. उसवलेल्या घडीतला रंग नवाकोरा निघायचा, बाहेरचा विटलेला, आणि दोहोंच्या मध्ये एक रेघ. ती इस्त्रीने जायची नाही. शेजारच्या तमिळ मामी सुचवायच्या, वरून काळी फीत लावा. आई ऐकायची नाही. मुलगी वाढली हे दिसलं तर बिघडलं काय, असं तिचं म्हणणं.

नातीसाठी मी शंकर मार्केटातून कापड आणलं आहे. हिरव्या-निळ्या चौकड्या, त्यांतून एक पांढरी आणि एक लाल रेघ. हा नमुना स्कॉटलंडच्या मॅकेन्झी घराण्याचा. १७४६ मध्ये तिथलं बंड मोडल्यावर लंडनच्या सरकारने डोंगराळ भागातल्या पुरुषांना त्यांचा वेष घालायला बंदी केली. ती १७८२ पर्यंत टिकली. सूट होती ती फौजेतल्यांना. पुढे मॅकेन्झींनी उभारलेली ७८ वी हायलँडर पलटण २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईत शिंदे-भोसल्यांच्या तोफांवर चालून गेली. ज्यांच्या बापजाद्यांना आपलंच कापड नेसायचं तर भरती होण्यावाचून वाट नव्हती, त्यांची मुलं आपल्या शिवारात पडली, आपलीही पडली. कापड मांडीवर घेतलं की हे आठवतं आणि कात्री थांबते.

चुण्यांचा निर्णय अजून झालेला नाही. एक रीत लष्करी: प्रत्येक चुणीच्या मधोमध तीच रेघ आणायची. उभं राहिलं की उभे पट्टे दिसतात, चाललं की आतल्या चौकड्या उघडतात. दुसरी रीत अशी की चुण्या घालूनही चौकडा अखंड दिसावा. तिला कापड जास्त लागत नाही, पण मोजमाप जीव खातं. पुरुषांच्या किल्टला आठेक वार कापड जातं, म्हणजे आजीच्या नऊवारीहून वारभरच कमी. आणि त्याला खाली मुडपच नसतो, मागावरची पक्की किनार तळाला येते. वाढ पुरी झालेल्या माणसाला ते चालतं.

लहान मुलीला कसं चालेल? शाळेने नेमून दिलेल्या दुकानातून नातीसाठी आणलेला स्कर्ट मी उलटून पाहिला. बोटभर दुमड, शिवणीत माया नाही, बाजूला रेघेला रेघ जुळलेली नाही. मला त्याचा खरोखर राग आहे. मूल वर्षभरात वाढणार हे ठाऊक असून त्यासाठी कापड न ठेवणं म्हणजे त्याच्याकडे नीट पाहिलंच नाही.

आई तर पडदेही वाढत्या अंगाचे शिवायची. बाबांना बढती मिळाली की क्वार्टरचा टाइप बदलणार, खिडक्या बदलणार. म्हणून वीतभर कापड आत दुमडलेलं. आता शेजारच्या मोहम्मदपूरसह दिल्लीतल्या सात सरकारी वसाहती पुनर्विकासाच्या यादीत गेल्या. तिथे नव्या उंच इमारतींत राहायला येणाऱ्या बायका खिडक्यांची मापं कशी घेतील, याचा मी उगीचच विचार करत बसते.

असो. दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत, एकेक पदर कापायचा. प्रत्येक रेघेवर टाचणी, मग कच्चा धावदोरा, मगच मशीनची टीप. चेन डाव्या बाजूला, वर दोन हुक, म्हणजे कंबरही दोन मापांची. मुडप चार बोटं, हातशिलाईचा, सुटे टाके घेऊन, उसवताना कापड फाटू नये असा. सूनबाई म्हणते, इतका मुडप जड पडेल. पडू दे. त्या वजनानेच चुण्या सरळ राहतात, आणि पोरगी अजून बरीच वाढायची आहे.