अक्काचा प्रश्न

गेल्या वर्षी अक्काच्या छातीत गाठ निघाली. कर्करोगाचे निदान झाले आणि घराचे सारे गणितच बदलले. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध चढवायचे. सोबतीला मी. काही दिवसांतच उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले. अक्काने विचारले, "अरे, गाठ छातीत, मग केसांनी काय गुन्हा केला?"

मी पडलो बी.कॉम. कारकून. उत्तर आले नाही, पण प्रश्न डोक्यातून जाईना. डॉक्टरांना विचारले, वाचनालयात बसलो. समजले ते सांगतो.

तिचे औषध पॅक्लिटॅक्सेल. ते पेशींचे विभाजन रोखते. गाठीतल्या पेशी झपाट्याने वाढतात, तशाच केसांच्या मुळांतल्याही. रक्तातून सर्वत्र फिरणारे औषध दोघींत फरक करत नाही. शिवाय ते पाण्यात विरघळत नाही. एरंडेलापासून केलेल्या द्रावकात मिसळावे लागते. त्या द्रावकाची ॲलर्जी येऊ शकते, म्हणून आधी स्टेरॉइड द्यावे लागते.

ऑफिसात मी आवक-जावक सांभाळतो. पत्र उघडे पाठवत नाही, पाकिटात घालतो. शास्त्रज्ञही तेच करतात. पॉलिमर म्हणजे लहान रेणूंची लांब साखळी. ऑपरेशनचे आपोआप विरघळणारे टाके पॉलिमरचेच असतात. तशाच साखळ्यांचे सूक्ष्म पाकीट म्हणजे नॅनोकण. १ मिलिमीटरचे १० लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे १ नॅनोमीटर. ही पाकिटे साधारण २० ते २०० नॅनोमीटरची.

पण शरीरात पहारेकरी पेशी आहेत. यकृतात, प्लीहेत त्या परके कण पकडतात. त्यांना चुकवण्यासाठी पाकिटावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण चढवतात. असे कण रक्तात जास्त काळ टिकतात, हे १९९४ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट लँगर यांच्या गटाने उंदरांवर दाखवले. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, तेथून कण आत झिरपतात, हे जपानच्या हिरोशी माएदा यांनी १९८६ मध्येच मांडले होते. २००७ मध्ये दक्षिण कोरियात पॅक्लिटॅक्सेलच्या पॉलिमर-पाकिटाला मंजुरी मिळाली. त्यात एरंडेलाचा द्रावक नाही. केस मात्र त्यानेही गळतात.

पहारेकऱ्यांचा उपयोगही करून घेतला गेला. लोहाच्या कणांवर डेक्स्ट्रान या पॉलिमरचे आवरण देऊन टोचले, की यकृतातल्या पहारेकरी पेशी ते गिळतात. मग एमआरआयमध्ये निरोगी यकृत काळे दिसते आणि गाठ उठून दिसते. १९९६ मध्ये अमेरिकेत असे औषध मंजूर झाले. पुढे ते बाजारातून गेले.

म्हणजे काम फत्ते झाले का? नाही. २०१६ मध्ये कॅनडातील संशोधकांनी दहा वर्षांचे, मुख्यतः प्राण्यांवरचे प्रयोग तपासले. टोचलेल्या कणांपैकी साधारण ०.७ टक्केच गाठीत पोचले होते. हजारातली सात पाकिटे! आमच्या ऑफिसात असे झाले असते, तर मला मेमो मिळाला असता.

अक्काला हे सांगितले. ती हसली. म्हणाली, "सात पोचली ना? मग बाकीच्यांवर पत्ता नीट लिहायला शिकतील. आपल्या पोरींना सांग, शिका म्हणावं."

आज अक्काचे केस पुन्हा आले आहेत. माझ्या माता-भगिनींना एकच विनंती. हाताला गाठ लागली तर लपवू नका, अंगारे-धुपारे करत बसू नका. कोणी 'नॅनो'च्या नावाने महाग औषध विकू लागला, तर त्याची रुग्णांवर चाचणी झाली आहे का, ते डॉक्टरांना विचारा. प्रश्न विचारायला लाजू नका. अक्का लाजली नाही, म्हणून मीही चार गोष्टी शिकलो.