मधली फळी

देवळात जाऊन आलेल्या माणसाला गाभारा आठवतो, महाद्वारही आठवते. सभामंडपाची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो. वास्तविक महाद्वारातून गाभाऱ्याकडे जायचे ते मंडपातूनच. फुटबॉलच्या खेळात मधल्या फळीचे स्थान असेच आहे, हे मला उमगले ते वयाची साठी उलटल्यावर, आणि तेही एका मुलावर अन्याय केल्यानंतर.

आमचे राजेश्वर बसवकल्याण तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. तेथील फुटबॉलच्या गोष्टी वडिलांच्या तोंडून ऐकतच मी वाढलो. सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. त्यांनी तयार केलेल्या हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. मीही मास्तरच. त्यामुळे निवृत्तीनंतर गावातील मुले 'गुरुजी, आमच्या संघाकडं बघा' म्हणत आली, तेव्हा मला नाही म्हणवले नाही.

तूर निघाल्यावर मोकळ्या झालेल्या एका शेतात आमचा सराव चाले. मैदानावर कन्नड, मराठी आणि दखनी अशा तिन्ही भाषांत हाका ऐकू येत. मी संघाची मांडणी चार-चार-दोन अशी केली होती : मागे चार, मध्ये चार, पुढे दोन. कागदावर ती फार नेटकी दिसे. पण आम्ही सलग चार सामने हरलो. चौथ्या पराभवानंतर, मधल्या चौघांपैकी आतल्या बाजूस खेळणाऱ्या एका मुलाला मी सर्वांदेखत म्हणालो, "तू पळत नाहीस, नुसता चालतोस. तुझ्यामुळं गोल होतात." त्याने मान खाली घातली.

दोन दिवसांनी आरती आटोपल्यावर त्याची आई देवळाच्या पायरीशी थांबली. म्हणाली, "गुरुजी, पोरगं रात्री पोटऱ्या धरून रडतंय. तुम्ही म्हणता पळत नाही. मग दुखतंय कशानं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या रात्री मी घरी पाटावर तुरीचे अकरा आणि हरभऱ्याचे अकरा दाणे मांडले. तूर आमची, हरभरा प्रतिपक्षाचा. चारही सामने आठवून दाणे हलवू लागलो, तेव्हा दोष डोळ्यांसमोर आला. आमच्या मधल्या चौघांपैकी कडेचे दोघे कडेलाच राहत; मैदानाच्या ऐन मध्यावर उरत ते दोघेच. समोर मात्र तिघे. दोघांनी दोघांना अडवले, तरी तिसरा मोकळाच. त्याच्यावर धावून जावे तर मागे खिंडार पडते. न जावे तर तो सावकाश चेंडू पुढे देतो. तो मुलगा नव्वद मिनिटे दोन माणसांचे काम एकटा करीत होता. थकून चालू लागे, आणि मला दिसे ते तेवढेच चालणे. चूक माझ्या मांडणीची होती; तिचे खापर मी त्याच्या माथी फोडले होते.

उपाय सोपा, पण कटू होता. पुढच्या दोघांपैकी एकाला मागे आणून मध्यावर तिघे करायचे : एक बचावफळीच्या पुढ्यात ठाण मांडणारा, दोघे त्याच्या पुढे, आणि कडेच्या दोघांनी आघाडीवर जायचे, मात्र चेंडू गमावताच मागे यायचे. म्हणजे चार-तीन-तीन. ज्याला मागे आणायचे तो गावचा लाडका गोल करणारा. तो रुसला. "गुरुजी, माझं काय चुकलं? मला मागं का ओढता?"

मी त्याला रहीमसाहेबांची गोष्ट सांगितली. १९५२ मध्ये हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्या संघाचा १०-१ असा धुव्वा उडविला. रहीम मांडणीचा नव्याने विचार करीत राहिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. तेथे ऑस्ट्रेलियावर तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा गोव्याच्या आसगावचा. १९६२ मध्ये जकार्ताला बचावातील जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले, तेव्हा रहीमनी त्यालाच आघाडीला खेळविले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला, आणि दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून आपण सुवर्णपदक मिळविले. ब्राझीलचा झागालो तर डाव्या कडेचा आघाडीवीर. तो मागे येऊन मधल्या फळीला हात देई, आणि त्याच्या संघाने १९५८ व १९६२ अशी दोनदा जगज्जेतेपदे मिळविली.

मुलगा काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एक सामना खेळून बघतो."

तो सामना १-१ असा बरोबरीत सुटला. आमच्यावर झालेला गोल उजव्या कडेच्या मुलाने मागे येण्याचा आळस केल्याने झाला. आमचा गोल मात्र मधूनच उगवला : पोटऱ्या धरून रडणाऱ्या त्या मुलाने चेंडू अडविला, मान वर करून पाहिले आणि पुढे दिला. मान वर करण्याइतकी उसंत त्याला प्रथमच मिळाली होती.

रागावलो होतो सर्वांदेखत. म्हणून क्षमाही सर्वांदेखतच मागितली. "चूक तुझी नव्हती, माझी होती," मी म्हणालो. तो काही बोलला नाही. बूट काढून त्यातील माती झाडीत बसला. जरा वेळाने मान वर करून म्हणाला, "गुरुजी, उजवीकडचा मागं येत नाही. तेवढं बघा."