नऊ पिनांची शिरोरेषा

कापसाचा हंगाम लागला की दारव्ह्यातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात डॉट मॅट्रिक्सची करकर दिवसभर चालते. शेजारी लेझर प्रिंटर आहे, शांत आणि देखणा. पण पावतीच्या तीन प्रती एका दमात हव्या असल्या की त्याचा उपयोग नाही. कार्बनखालच्या कागदावर अक्षर उमटायचं तर वरच्या कागदावर ठोका पडावा लागतो. तो ठोका डॉट मॅट्रिक्सच्या हेडमधली पिनच देते.

•

एक काकाजी पावती उजेडात धरून म्हणाले, “माह्या नावातला उकार कुठी गेला, भाऊ?” नाव गुलाबराव, कागदावर गलाबराव. रक्कम बरोबर, वजन बरोबर, तारीख बरोबर. तरी ती पावती त्यांची नव्हती. त्या संध्याकाळी मी दुकान बंद केलं नाही.

•

हिशेब करून पाहिला. नऊ पिनांच्या हेडमध्ये दोन पिनांतलं अंतर इंचाचा ७२वा भाग. पोस्टस्क्रिप्ट नावाच्या भाषेत पान मोजायचं माप, म्हणजे पॉइंट, तोही इंचाचा ७२वा भाग. म्हणजे १० पॉइंटच्या अक्षराला उभे दहाच ठिपके. रोमन मोठ्या अक्षराला सात पुरतात. आपल्याला त्याच दहांत वर वेलांटी, मग शिरोरेषा, मग अक्षराचा देह आणि खाली उकार बसवायचा आहे. ‘र्की’ किंवा ‘कृ’ लिहून पाहा, अडचण कळेल.

•

प्रिंटरच्या पोटात रोमन अक्षरं आधीच भरलेली असतात. ‘अमुक अक्षर’ एवढा निरोप दिला की तो ते ठोकतो. ८० अक्षरांच्या ओळीला ८० बाइट. माझ्या प्रिंटरच्या पोटात ‘क’ नाही, म्हणून ‘क’चं चित्र पाठवायचं. आठ इंची ओळ, इंचाला २४० ठिपके, म्हणजे हेडच्या एका फेरीला १९२० बाइट. देवनागरी सावकाश छापली जाते त्याचं कारण हे. संगणकाला मराठी जड जाते, असं कोणी म्हणालं तर मी हा हिशेब मांडून दाखवतो.

•

वेग हवा म्हणून काही ठिकाणी विंडोजमध्ये फक्त मजकूर पाठवणारा ड्रायव्हर लावतात. इंग्रजी बिल झरझर निघतं. मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते.

•

ठिपके कोणी आखायचे, याचं एक उत्तर महागडं होतं. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रातून बाहेर पडले आणि १९८२ साली त्यांनी अडोबी काढली. त्यांची पोस्टस्क्रिप्ट ही पान सांगायची भाषा. इथून रेघ ओढ, ही वक्ररेषा अशी वळव, आतला भाग काळा कर. ठिपक्यांचा त्यात उल्लेखही नसतो. ते काम प्रिंटरने करायचं. म्हणून १९८५च्या ॲपल लेझररायटरमध्ये त्याच कंपनीच्या तेव्हाच्या मॅकिंटॉशपेक्षा वेगवान प्रोसेसर आणि जास्त मेमरी होती. किंमत ६,९९५ डॉलर. अक्कल प्रिंटरमध्ये होती आणि तिचे पैसे मोजावे लागत.

•

१९८८ साली एल. पीटर डॉइच यांनी घोस्टस्क्रिप्टची पहिली आवृत्ती दिली. तेही त्याच संशोधन केंद्रात काम केलेले. त्यांनी पानाची भाषा समजून घेण्याचं काम प्रिंटरकडून काढून साध्या संगणकाकडे दिलं. प्रोग्राम पान वाचतो, ठिपके स्वतः आखतो आणि प्रिंटरला फक्त कुठे ठोकायचं ते सांगतो. हेडला अकलेची गरज उरली नाही. सोर्स कोडही खुला ठेवला. पुढे पीडीएफ आली, तीही हा प्रोग्राम वाचू लागला. आजही लिनक्सवर एप्सनच्या नऊ पिनांसाठीचे ड्रायव्हर त्यात मिळतात. माझ्या जुन्या प्रिंटरला मराठी या ड्रायव्हरनीच दिली.

•

आमच्या गावावरून यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज जायची, आमची शकुंतला. अडीच फुटांचा रूळ. डब्यांतला कापूस मूर्तिजापूरला उतरायचा, मोठ्या रुळाच्या गाडीत चढायचा आणि मुंबईची वाट धरायचा. घोस्टस्क्रिप्टचं काम मला मूर्तिजापूरच्या फलाटासारखं वाटतं. फरक इतकाच, की इथे माल मोठ्या रुळावरून येतो आणि लहान रुळावर चढतो. रूळ लहान म्हणून कापूस हलका ठरत नाही.

•

उकाराचा उपाय असा. एकदा ठोकून झालं की कागद इंचाचा २१६वा भाग सरकवायचा आणि पुन्हा ठोकायचं, मग आणखी एकदा. तीन फेऱ्यांत दोन पिनांमधली जागा भरते, इंचाला ७२ ऐवजी २१६ ठिपके मिळतात. चित्र छापताना नवापैकी आठच पिना कामाला येतात. १२ इंची पानाला एरवी १०८ पट्टे, म्हणजे १०८ फेऱ्या लागतात, इथे ३२४. वर आडवे २४० ठिपके हवे असतील तर शेजारचे दोन ठिपके एका झपाट्यात पडत नाहीत, कारण पिनेला मागे यायला वेळ लागतो. मग एकाआड एक ठिपके दोन फेऱ्यांत. पान निघेतो चहा पिऊन होतो.

•

कागद ओढणारी दातेरी चाकं झिजली असतील तर दोन पट्ट्यांच्या मधे पांढरी फट पडते. ती नेमकी शिरोरेषेवर आली तर सगळी ओळ मुंडकं उडाल्यासारखी दिसते. सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी चाकं पाहायची. मग कागदाची भोकं. मग रिबन. फिक्या रिबनवर १ आणि ९ ओळखू येत नाहीत, आणि पावतीवर ते फार महाग पडतं.

•

१९९१ साली नेदरलँड्समधल्या फ्रान्स वेल्टहाउस यांनी टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामसाठी देवनागरी अक्षरं मेटाफॉन्टमध्ये रचली. मेटाफॉन्टला प्रिंटर सांगितला की तो त्या प्रिंटरच्या ठिपक्यांना साजेशी अक्षरं घडवून देतो. त्याच सुमारास आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड डॉसच्या पडद्यावर देवनागरी दाखवत होतं. आपल्या लिपीसाठी इतक्या लांब-जवळच्या माणसांनी ठिपके मोजले, हे मला धीर देतं.

•

काकाजींची पावती मी पुन्हा काढली. अर्ध्या पानाची, म्हणजे ५४ पट्टे आणि प्रत्येकाला तीन फेऱ्या. अक्षर १० पॉइंटचं १४ केलं. ते बाकावर बसून राहिले. कागद फाडला, दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या काढल्या, प्रती वेगळ्या केल्या. त्यांनी वरची प्रत बाजूला ठेवली आणि सगळ्यात खालची, तिसरी, कार्बनची उचलली. बोट नावावर फिरवलं, ‘ग’च्या खाली थांबवलं. उकार होता, फिका पण पुरा. घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली.