तेरा साती

सातवीच्या परीक्षेत मी ९१ ही मूळ संख्या आहे असं ठणकावून लिहिलं होतं. दोनाने भाग जात नाही, तिनाने जात नाही, पाचाने तर नाहीच. मग आणखी कुणाला विचारायचं? पेपर परत आला तेव्हा शेजारी लाल शाईत एवढंच होतं: ७ × १३. लाज याची वाटली, की तेराचा पाढा मी रोज तिन्हीसांजेला परवच्यात घडाघडा म्हणत असे. तेरा साती एक्क्याण्णव. पण पाढा पुढेच पळतो. एक्क्याण्णववरून मागे तेरा आणि सातापाशी यायची वाट कुणी दाखवली नव्हती.

ती आजीने दाखवली. तिने छत्तीस चिंचोके ओसरीवर ओतले आणि म्हणाली, "मांड. रांगा सारख्या हव्यात." छत्तिसाची एक रांग, मग अठराच्या दोन, बाराच्या तीन, नवांच्या चार, सहांच्या सहा. पुढे मी चारांच्या नऊ मांडायला लागले, तर आजी हसली. "अगं, ही मघाचीच. तू नुसती आडव्याची उभी केलीस."

जोडीतला एक वाढला की दुसरा तेवढ्याच हिशोबाने घटतो, आणि दोघं वर्गमुळापाशी भेटतात. त्यापलीकडे सगळ्या जोड्या उलटून तेवढ्याच. दहा दाहे शंभर, म्हणजे ९१साठी नवाच्या पुढे जायचं कारणच नाही. दोन, तीन, पाच, सात एवढ्याच मूळ संख्या तपासायच्या. चारांपैकी तिघांना विचारून मी उठले होते!

नंतर आजीने एक चिंचोका वाढवला. सदतीस. कशाही मांडा, एकच लांबलचक रांग, थेट उंबरठ्यापर्यंत.

पुढे मावसभावाच्या लग्नात मांडववाल्याने ९६ खुर्च्या क्षणात बाराच्या आठ रांगांत लावल्या. जागा अरुंद असती तर सहाच्या सोळा लावल्या असत्या. ९६ फार मनमिळाऊ संख्या, तिच्या सहा जोड्या होतात. तेवढ्यात कुणीतरी एक खुर्ची जास्त आणली. सत्त्याण्णवावी. ती कुठल्याच रांगेत बसेना. शेवटी पंख्याखाली ठेवली आणि तिथे आजी बसली.

हार्डींना टॅक्सीचा १७२९ हा क्रमांक नीरस वाटला आणि दवाखान्यातल्या रामानुजनांनी त्यातली घनांची गंमत सांगितली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मी मात्र तो क्रमांक फोडून पाहिला. १९ × ९१. माझी जुनी ओळख आत दडून बसली होती. १९७७ मध्ये अशीच फोडायला दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये फुटली, तीही शेकडो संगणक जुंपल्यावर. ६४ आणि ६५ अंकांची एकुलती जोडी. गुणायला क्षणभर, फोडायला वर्षं. आपले बँकेचे व्यवहार याच अडचणीच्या भरवशावर गुप्त राहत आले आहेत.

परवा सिग्नलला पुढच्या रिक्षाचा नंबर होता ८०५१. वर्गमूळ नव्वदाच्या जरासं आत. सिग्नल सुटला तेव्हा मी सदतिसापर्यंत पोहोचले होते. रात्री कागदावर सापडलं: ८३ × ९७. नव्वदाच्या सात अलीकडे, सात पलीकडे. म्हणजे ८१००मधून ४९ वजा. नंबरात ते समोरच दिसत होतं, आणि याही वेळी माझा सातच राहिला होता.