घाटातलं त्वरण

7 जुलै
पुण्याला जाताना कर्जतला गाडी थांबली. वडेवाल्यांची लगबग चालू असतानाच मागून हलका धक्का बसला. मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागली. पुढे लोणावळ्यापर्यंत 37 फुटांना एक फूट असा चढ आहे.

8 जुलै
नववीचा पहिला धडा, ‘गतीचे नियम’. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे वर्गाला तोंडपाठ. कालची गाडी एकट्या इंजिनाने चढली नसती, असं सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, “सर, इंजिन एवढा जोर लावतंय, तर थोडं तरी त्वरण यायलाच हवं ना?”
फार चांगला प्रश्न. फळ्यावर हिशोबच मांडला. प्रत्येकी सुमारे 50 टनांचे 24 डबे आणि 123 टनांचं डब्ल्यूएपी-7 इंजिन, मिळून 1323 टन. उभ्या गाडीला हे इंजिन जास्तीत जास्त 323 किलोन्यूटनने ओढतं. चढावर गुरुत्वाकर्षण तिला मागे खेचतं 350 किलोन्यूटनने. म्हणजे एकटं इंजिन कमीच पडतं. सूत्रात घालायचं ते इंजिनाचं बल नव्हे, सगळ्या बलांची वजाबाकी होऊन उरलेलं बल. हे वाक्य ठळक अक्षरांत छापावं असं मला मनापासून वाटतं.
मागे डब्ल्यूएजी-7 जातीचं एकच बँकर लावलं तरी आणखी सुमारे 400 किलोन्यूटन मिळतात. ओढणारं बल दुपटीच्या वर जातं. वस्तुमान मात्र दहा टक्क्यांनीही वाढत नाही. सगळी मेख या दोन आकड्यांत आहे.

9 जुलै
पाऊस. हजेरी निम्मी, धडा पुढे नेला नाही.

10 जुलै
आज त्याच घाटाच्या उताराचं गणित. वर्गाची खात्री होती की भरलेली मालगाडी रिकामीपेक्षा जोरात सुटेल. पण वजन दुप्पट झालं की खाली ओढणारं बलही दुप्पट आणि हलवायचं वस्तुमानही दुप्पट, भागाकार तोच. ब्रेक नसतील आणि घर्षण सोडलं, तर दोघींचं त्वरण दर सेकंदाला सेकंदामागे 0.265 मीटर. मिनिटभरात ताशी 57 किलोमीटर!
फरक पडतो तो थांबवताना. तेवढ्याच अंतरात थांबवायची, तर भरलेल्या गाडीला ब्रेकचं बल त्याच प्रमाणात जास्त लागतं. म्हणूनच उतरणाऱ्या गाड्या घाटातल्या मंकी हिल, ठाकूरवाडीला थांबवून ब्रेक तपासतात.