रविवारचा दवाखाना

वैद्यकीच्या विद्यार्थ्याला रोगी प्रथम भेटतो तो बहुधा खाटेच्या क्रमांकाने. सात नंबरची पाणथरी, बारा नंबरचे हृदय, असे आम्हीही बोलत असू, आणि त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटत नसे. परीक्षेला उपयोगी पडेल तो रोगी चांगला, ही आमची उघड कसोटी होती. ती मोडली माळव्यातील एका शहराच्या कडेला, वीटभट्ट्यांजवळच्या वस्तीत आम्ही सात विद्यार्थ्यांनी चालविलेल्या रविवारच्या दवाखान्यात.

दवाखाना म्हणजे शाळेची एक खोली. आमच्यातले धाकटे वजन आणि रक्तदाब पाहत, मधले हकिकत लिहून घेत, शेवटच्या वर्षाचे तपासून निदान सुचवीत. विद्यार्थ्याला स्वतःच्या सहीने औषध देण्याचा अधिकार नसतो; म्हणून आमचे एक शिक्षक कोपऱ्यात बसून प्रत्येक कागद पाहत. सही करण्यापूर्वी ते एवढेच विचारीत, "मग आता तुम्ही काय करणार?" वॉर्डात हा प्रश्न आम्हांला कोणी केला नव्हता. तेथे शिक्षकांच्या मनातले उत्तर ओळखावयाचे असे. येथे आपले उत्तर दुसऱ्याच्या अंगावर उमटणार होते.

एक म्हातारी नेमाने येई, पण तिचा रक्तदाब काही उतरत नसे. गोळी वाढवावी असे आमच्यात ठरत आले होते. इतक्यात एकाने सहज विचारले, "मांजी, गोळ्या किती उरल्या?" तिने तमाखूची डबी उघडली; गोळ्या जवळजवळ तेवढ्याच होत्या. डोके दुखेल त्या दिवशीच ती गोळी घेत असे! वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. तिला सांगितले मात्र नव्हते. मग सकाळी चूल पेटविली की गोळी, असा नेम ठरला. महिन्याभरात आकडा उतरला आणि आमची छाती फुगली.

पुढे परीक्षा आल्या. आम्ही खोलीला कुलूप लावले आणि अभ्यासाला बसलो. सात रविवार गेले. परत आलो तेव्हा तिच्या मुलाने सांगितले, गोळ्या संपल्यावर ती दोन रविवार पायरीवर बसून परत गेली होती. मग एका पहाटे तिचे उजवे अंग गेले.

गोळ्यांच्या खंडामुळेच तसे झाले, असे खात्रीने म्हणता येणार नाही. त्यामुळे झाले नाही, असे म्हणण्याची सोय मात्र आम्ही स्वतःच्या हातांनी घालविली होती. सरांनी दोष दिला नाही, सांत्वनही केले नाही. त्यांनी तोच प्रश्न विचारला.

उत्तर म्हणून आम्ही एक वही घातली. कोणाचे औषध कधी संपते, आपण नसताना कोण येणार, सरकारी दवाखान्यात कोणाला भेटावे, हे सारे तीत लिहू लागलो. परीक्षेच्या काळात खालच्या वर्गाने यावे आणि जाणाऱ्याने वही हातात देऊनच जावे, असा नियम झाला.

अशी शिकवणी आज नवलाची राहिलेली नाही. सेवाग्रामला १९६९ मध्ये निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेत आली आहे. स्वीडनमधील लिंशॉपिंग येथे १९९६ मध्ये निरनिराळ्या आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून चालवावयाचा वॉर्ड सुरू झाला. आपल्याकडेही २०२१-२२ च्या तुकडीपासून विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घ्यावीत, असे अभ्यासक्रमातच आले आहे. गरिबाचे अंगण म्हणजे हात बसविण्याची जागा काय, असा आक्षेप यावर निघतो, आणि तो रास्त आहे. आमच्या मते त्याचे उत्तर एकच: दवाखान्याचे पंचांग महाविद्यालयाचे नसावे, रोग्याचे असावे. शिकणाऱ्याला सुट्टी असते, रक्तदाबाला नसते.

आमच्या शेवटच्या रविवारी मुलाच्या आधाराने ती म्हातारी आली. डाव्या हाताने डबी पुढे करून तिने विचारले, "पुढच्या रविवारी कोण येणार?" आम्ही वही उघडून नावे वाचून दाखविली. तिने ती दोनदा म्हणवून घेतली आणि मगच ती उठली.