दुभाषी बदलला

भालकीत माझा छोटासा संगणक वर्ग आहे. आठ जुने संगणक, एक इन्व्हर्टर आणि घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात उर्दू बोलणारी मुलं. बरीच वर्षं मी त्यांना सी प्लस प्लस शिकवलं ते टर्बो सी प्लस प्लसवर. तो निळा पडदा तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. माझी प्रत कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आली होती. परवाना कसला, हे मी कधी विचारलंच नाही. चालतंय ना, मग झालं!

एका दिवाळीत जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. कलबुर्गीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, नोकरीची परीक्षा द्यायला पुण्याला जाऊन आली होती. म्हणाली, "सर, प्रोग्रॅम बरोबर होता हो माझा. पण पहिल्या ओळीपासूनच चुका दाखवायला लागला. मला वाटलं, आपल्याला काहीच येत नाही."

मी तिला तो प्रोग्रॅम कागदावर लिहायला सांगितला. मी शिकवला होता अगदी तसाच होता. चूक तिची नव्हती, माझी होती.

आमच्या आजीला कन्नड वाचता येत नसे. भालकी १९५६ साली हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेली आणि हळूहळू सरकारी कागद कन्नडमधून येऊ लागले. नोटीस आली की आजी कुणाला तरी वाचून सांगायला लावायची. सांगणारा जाणता असला तर ठीक, नाही तर घरभर घोर. प्रोग्रॅमिंगचंही तसंच आहे. भाषा म्हणजे नियम. ते नियम धरून आपलं लिहिणं यंत्राला समजावणारा कंपायलर हा दुभाषी. मी भाषा निवडली होती, पण दुभाषी कोण, हे पाहिलंच नव्हतं.

टर्बो १९९० च्या सुमाराचं. सी प्लस प्लसचे अधिकृत नियम ठरले १९९८ साली. म्हणजे आमचा दुभाषी नियम ठरायच्या आधीचा! 'आयओस्ट्रीम'पुढे 'डॉट एच' लावणं, 'व्हॉइड मेन' लिहिणं, हे त्याला चालायचं. आजच्या कंपायलरला चालत नाही.

दिवाळीची सुट्टी मी शोधाशोधीत घालवली. पैसे देणं परवडणारं नव्हतं, आणि चोरून घेतलेलं आता नको होतं. शिवाय ऑब्जेक्ट ओरिएंटेड शिकवता यायला हवं. पायथॉन मोफत, सोपं आणि त्यात क्लासही आहेत. जावासाठी ओपनजेडीके आहे. पण मुलांच्या अभ्यासक्रमात सी प्लस प्लस होतं. म्हणून जीसीसी घेतलं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये पहिल्यांदा ते लोकांसमोर ठेवलं, आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. संगणकांवर हलकं लिनक्स टाकलं. एकदा बसवलं की नेट नसलं तरी चालतं.

मोठा फरक मात्र परवान्यात होता. टर्बो आम्हाला फुकट मिळालं होतं, पण ते मोकळं नव्हतं. जीसीसी दोन्ही आहे. आठ संगणकांवर टाका, मुलांना घरी द्या, आतली रचना उघडून बघा, त्यावर बनवलेला प्रोग्रॅम विका, कुणाची हरकत नाही. "घरी घेऊन जा" हे मी मुलांना पहिल्यांदाच उजळ माथ्याने म्हणालो.

क्लास आणि ऑब्जेक्ट समजावताना मी आपल्या बिदरीचं उदाहरण देतो. एकाच नमुन्यावरून ओतलेल्या दोन सुरया. नमुना हा क्लास, प्रत्येक सुरई एक ऑब्जेक्ट. घाट तोच, चांदीची नक्षी मात्र ज्याची त्याची. मुलांना लगेच कळतं.

ती मुलगी सुट्टीत आठ दिवस वर्गात येऊन बसली. तिच्या डोक्यातलं सगळं पक्कं होतं, फक्त हाताच्या सवयी मोडायच्या होत्या. चौथ्या दिवशी पडद्यावर एकही चूक आली नाही, तेव्हा ती काही बोलली नाही. नुसतीच माझ्याकडे बघून हसली. पुढच्या परीक्षेला गेली ती न घाबरता.

मग मी अवघड काम केलं. जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं, "मी शिकवलेल्या चार गोष्टी जुन्या होत्या. त्या विसरा, नव्या अशा आहेत." लाज वाटली. पण एकाने लगेच विचारलं, "सर, कधी येऊ शिकायला?"

तुमच्या घरातलं कुणी अजून त्या निळ्या पडद्यावर शिकत असेल, तर एकदा विचारून बघा. मूल हुशारच असतं. त्याचा दुभाषी जुना असू शकतो.